काजूला पानातून खत: फवारणी, बी आणि गराच्या दर्जाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या काजू बागांत नवती, म्हणजे कोवळी पालवी, दिसू लागते आणि खताच्या दुकानांत विद्राव्य खतांच्या रंगीत पुड्या मांडल्या जातात. त्यानंतर बागेबद्दल जे प्रश्न कानावर येतात ते साधारण हेच असतात. उत्तरं कोरडवाहू, जांभ्या जमिनीवरच्या कोकण-गोव्यातल्या बागा धरून दिली आहेत.

पानातून खत म्हणजे नेमकं काय होतं? पान अन्न खातं का?

पानाचं मुख्य काम खत घेणं नव्हे. त्याच्यावर मेणाचा थर असतो, तो पाणी आत-बाहेर जाऊ नये म्हणूनच. पण या थरातल्या अतिसूक्ष्म वाटांतून आणि काही प्रमाणात पर्णरंध्रांतून विरघळलेलं अन्नद्रव्य थोडंथोडं आत शिरतं. युरिया सर्वांत पटकन शिरतो, कारण त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. पालाशही बऱ्यापैकी जातो. जस्त आत गेलं तरी फार लांब सरकत नाही, आणि कॅल्शियम तर पडलं त्याच पानात अडकतं. काजूचं जून पान चामड्यासारखं असतं, त्यावरून पाणी ओघळून जातं. तांबूस-पोपटी नवती मात्र मऊ असते आणि द्रावण चांगलं धरते. पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे.

मग आळ्यातलं खत बंद करून नुसती फवारणी केली तर? मजुरी तरी वाचेल.

हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून हिशोबच मांडू. पूर्ण वाढलेल्या काजूच्या झाडाला कोकणातली शिफारस वर्षाला १००० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश अशी आहे. एवढं नत्र द्यायला दोन किलोच्या वर युरिया लागतो. आता फवारणी बघा. झाडाला १० लिटर पाणी धरलं आणि युरिया १ टक्का घेतला, तर १०० ग्रॅम युरिया पडला. त्यात नत्र ४६ ग्रॅम. तीन फवारण्या केल्या तरी १३८ ग्रॅम, त्यातलंही काही खाली गळणार, काही पानावर सुकून बसणार. हजार ग्रॅमांची भूक अशी कशी भागेल?

पाऊस ओसरताना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, जमिनीत ओल असताना फांद्यांच्या घेराखाली चर काढून शेणखत आणि रासायनिक खत द्यायचं, हे काम काही टळत नाही. जेवण तिथूनच मिळतं. फवारणी म्हणजे ताटातली लोणच्याची फोड. ती हवी, पण तेवढ्यावर कुणी जगत नाही.

नॅनो युरियाची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या द्रव युरियाची, बाटली युरियाच्या एका गोणीच्या बरोबरीची, असं सांगतात.

पुन्हा हिशोबच. सुरुवातीला आलेल्या ५०० मिलीच्या बाटलीत ४ टक्के नत्र होतं, म्हणजे सगळं मिळून २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नत्र असतं. पुढे जास्त तीव्रतेची बाटली आली, तरी अंतर ग्रॅम आणि किलोचंच राहतं. कण कितीही बारीक केले तरी ग्रॅमचे किलो होत नाहीत. वापरायचीच असेल तर नवतीवरची फवारणी म्हणून वापरा, गोणी मात्र सोडू नका.

फवारणीतून एवढं थोडं जातं, तर मग करायचीच कशाला?

कारण काजूचं वेळापत्रक आणि पावसाचं वेळापत्रक जुळत नाही. कोकणात पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, पण चार महिन्यांत. ऑक्टोबरनंतर कातळावरची वरची माती सुकायला लागते. अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक त्याच वरच्या थरात असतात, आणि कोरड्या मातीत खत असलं तरी ते मुळांना मिळत नाही. नेमक्या त्याच काळात, नोव्हेंबर ते जानेवारी, मोहोर येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत बी भरते. झाडाला सर्वांत जास्त गरज असते तेव्हा खालचं स्वयंपाकघर बंद असतं. अशा वेळी पानावर टाकलेले चार ग्रॅम कामाला येतात.

दुसरं कारण जांभ्या जमिनीचं. ती आम्ल असते, लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळे टाकलेलं स्फुरद मातीतच जखडतं. बोरॉन तर पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. बोरॉनची गरज मात्र इवलीशी असते. १० लिटर पाण्यात १० ग्रॅम बोरॅक्स टाकलं तर त्यात शुद्ध बोरॉन जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास येतं, आणि झाडाची मागणीही ग्रॅममध्येच मोजण्याएवढी. इथे फवारणीचा हिशोब जमतो. म्हणून माझा साधा नियम असा: किलोत लागतं ते मातीतून, चमच्यात लागतं ते पानातून.

काजूचा दर्जा म्हणजे काय? व्यापारी बी हातात घेऊन काय बघतो?

तो मूठभर बी हातात घेऊन आधी वजनाचा अंदाज घेतो, मग एका किलोत किती नग बसतात ते बघतो. १५०-१६० नग बसले तर बी ठसठशीत, २०० च्या पुढे गेले की बारीक. नंतर पंधरा-वीस बिया कातरून गर बघतो. गराने कवचाची पोकळी भरली आहे का, गर पांढरा आहे की काळे डाग पडलेत, सुकून सुरकुतलाय का, बुरशीचा वास येतो का. या दोन मिनिटांत भाव ठरतो, आणि आपण उगाच तराजूकडे बघत बसतो.

कारखान्यात गराची प्रतवारी एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे पांढरे गर बसतात त्यावर होते. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, एक गर साधारण दीड ग्रॅमचा. डब्ल्यू-२४० मध्ये तो दोन ग्रॅमच्या जवळ जातो, डब्ल्यू-१८० मध्ये अडीच ग्रॅमवर. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. तुकडे झाले की भाव उतरतो, पण गर तुटणं हा वाळवणीचा, उकडण्याचा आणि बी फोडण्याचा प्रश्न आहे. त्याचं पाप फवारणीच्या माथी मारू नये, आणि श्रेयही तिला देऊ नये.

फवारणीने माझा ३२० चा गर १८० चा होईल का?

नाही. गराचा आकार मुख्यतः जात ठरवते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या जाती बघा. वेंगुर्ला-४ ची बी सुमारे ७.७ ग्रॅमची आणि गराचं प्रमाण ३१ टक्के, म्हणजे गर २.४ ग्रॅमच्या आसपास. वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅमची, गर ३०.५ टक्के, म्हणजे ३ ग्रॅम. वेंगुर्ला-२ ची बी ४ ग्रॅमच्या थोडी वर. तिच्यावर जगातलं कुठलंही टॉनिक मारा, ती वेंगुर्ला-७ होणार नाही.

फवारणीने काय बदलू शकतं? त्या जातीची बी तिच्या पूर्ण वजनापर्यंत पोचते की पोचट राहते, एवढं. बाग उपाशी असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. बाग आधीच पोटभर जेवलेली असेल तर काहीच दिसत नाही, आणि मग शेतकरी म्हणतो खत बनावट होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काजूत आधी बी वाढते, बोंडू, म्हणजे बीला लागून असलेलं रसाळ फळ, नंतर फुगतो. फळ धरल्यापासून पक्व व्हायला दोन महिने लागतात. पहिल्या महिन्याभरात हिरवी बी आकाराने जवळजवळ पूर्ण होते, मग ती कडक होत थोडी आक्रसते, आणि तेव्हा कुठे बोंडू जोर धरतो. पिवळा-लाल बोंडू लोंबकळताना दिसला, की काहीजणांना पालाश फवारायची आठवण होते. तोवर बीचं दार बंद झालेलं असतं.

मग नेमकं कधी फवारायचं?

तीन वेळा: नवती आली की, मोहोर फुटू लागला की, आणि बी वाटाण्याएवढी झाली की. तारखा विचारू नका. एकाच गावात रस्त्याच्या खालची बाग आणि वरची बाग पंधरा दिवसांनी पुढे-मागे असते. झाडाकडे बघून ठरवा. निम्म्याहून जास्त फांद्या त्या अवस्थेत आल्या की पंप काढायचा.

पाणी आणि माणसं एकाच फवारणीपुरती असतील तर मी वाटाण्याएवढ्या बीची वेळ निवडीन. मात्र ज्या बागेत मोहोर भरपूर येतो पण फळ धरत नाही, तिथे मोहोर फुटतानाची बोरॉनची फवारणी सोडू नये. परागनलिका वाढायला बोरॉन लागतं. काजूच्या तुऱ्यात नरफुलंच जास्त, द्विलिंगी थोडी, आणि धरलेल्यांतलीही कितीतरी गळतात. असलेली थोडी फुलं तरी वाया जाऊ नयेत.

काय आणि किती घ्यायचं?

नवतीवर: युरिया १ टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं विद्राव्य खत) लिटरला ५ ग्रॅम. पानं बारीक, आखूड आणि गुच्छासारखी येत असतील तर जस्त कमी असल्याची शंका घ्या आणि झिंक सल्फेट अर्धा टक्का, त्यात निम्म्या वजनाचा विझवलेला चुना घालून, गाळून, वेगळ्या फवारणीत द्या. चुना नसेल तर कोवळी पानं भाजतात.

मोहोर फुटताना: बोरॅक्स लिटरला १ ग्रॅम. बोरॅक्स गार पाण्यात लवकर विरघळत नाही, तांब्याभर कोमट पाण्यात आधी ढवळून घ्या. २० टक्के बोरॉन असलेली विद्राव्य पावडर वापरत असाल तर तीही लिटरला १ ग्रॅमच्या वर नको. बोरॉनच्या कमी आणि जास्तमधलं अंतर फार थोडं असतं. जास्त झालं की पानांच्या कडा जळतात.

बी वाटाण्याएवढी असताना: १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, लिटरला १० ग्रॅम. पानात तयार झालेली साखर बीपर्यंत पोचवायला पालाश मदत करतं.

एवढं पुरे. समुद्री शेवाळ, अमिनो, ह्युमिक, संजीवकं हे सगळं एकाच बादलीत ओतणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या कशाचा परिणाम झाला हे त्यांनाही सांगता येत नाही.

कीटकनाशकाबरोबर मिसळलं तर एक फेरी वाचेल?

बरेचजण तसंच करतात, कारण ढेकण्या या रस शोषणाऱ्या कीटकावरच्या फवारण्याही याच तीन वेळांना येतात. पण आधी बाटलीत करून बघा. पिण्याच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, पंपात टाकाल त्याच प्रमाणात सगळं टाका, हलवा आणि अर्धा तास सावलीत ठेवा. तळाला दह्यासारखा गाळ बसला, वर तवंग आला किंवा बाटली हाताला गरम लागली, तर ते मिश्रण पंपात जाता कामा नये.

काही जोड्या बाटलीशिवायच बाद करा. झिंक सल्फेट आणि ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) एकत्र केले तर स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून तळाशी बसतात. कॅल्शियम नायट्रेट सल्फेटबरोबर नको, स्फुरदाबरोबरही नको. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात) काहीच घालू नका. बोरॅक्सने पाणी अल्कधर्मी होतं, आणि अशा पाण्यात काही कीटकनाशकं लवकर निकामी होतात, म्हणून बोरॉन शक्यतो एकटंच द्या.

सगळं प्रमाणात घेतलं तरी पानं करपली. काय चुकलं?

माझंही एकदा चुकलंय. मोहोराची वेळ होती, माणसं उशिरा आली, आणि उन्हं चढल्यावर साडेअकराला पंप सुरू केला. युरिया दोन टक्के, वर दुकानदाराने भेट दिलेली कसलीशी बाटली. तिसऱ्या दिवशी तुऱ्यांची टोकं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झाली आणि नवतीच्या कडा आत वळल्या. वडील बागेत आले, एक तुरा हातात घेऊन चुरगाळला आणि काही न बोलता घरी गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

चूक प्रमाणाइतकीच वेळेची होती. उन्हात थेंबातलं पाणी उडून जातं आणि मागे राहिलेलं खत पानावर तीव्र होत जातं. एक टक्क्याचं द्रावण पानाच्या टोकाशी सुकता सुकता कितीतरी जाड होतं. सकाळी दव असेल तर ते सुकल्यावर लगेच, नाहीतर दुपारी चारनंतर फवारा. झाड पाण्याअभावी मलूल दिसत असेल तर त्या दिवशी नकोच. किनाऱ्याजवळच्या बागेत विहिरीचं पाणी मचूळ असतं, तेही एकदा तपासून घ्या. आणि युरियाची पिशवी जुनी, खडे झालेली असेल तर ती आळ्यात टाका.

खताच्या फवारणीने मोहोर काळा पडायचा थांबेल का?

काळा पडण्यामागे बहुतेक वेळा ढेकण्या असतो. हा कीटक कोवळ्या देठात सोंड खुपसून रस शोषतो. तिथे आधी पाणीदार, मग काळा डाग पडतो, आणि दोन-तीन दिवसांत तुरा जाळल्यासारखा दिसतो. मळभ आलं की याचा जोर वाढतो. कोवळ्या बीवर बसला तर बी सुकून गळते. थोडी मोठी झालेली बी टिकली तरी कवचावर फोडासारखे व्रण राहतात, आणि व्यापारी ते बघून बोट ठेवतोच.

पालाश आणि बोरॉन यावर औषध नाही. उलट नत्र जास्त फवारून मऊ लुसलुशीत नवती काढली तर ढेकण्याला पंगतीचं आमंत्रण दिल्यासारखं होतं. एकाच कामाला पैसे पुरत असतील तर ते ढेकण्यासाठी खर्च करा. जळलेल्या तुऱ्याला बोरॉन देऊन काय उपयोग? कीटकनाशक कोणतं, हे कृषी विभागाकडून त्या वर्षाच्या शिफारशीप्रमाणे घ्या, कारण जुनी काही औषधं आता बंद झाली आहेत.

बदाम-अक्रोडाच्या बागांत परदेशात काढणीनंतर बोरॉन फवारतात म्हणे. आपण तसं करावं का?

कॅलिफोर्नियात बदामाला काढणीनंतर पानं गळण्याआधी बोरॉन फवारतात, हे खरं. बदामाच्या झाडात सॉर्बिटॉल नावाची साखर असते. बोरॉन तिला चिकटून पानातून कळीपर्यंत जातं आणि पुढच्या वसंतात फुलांना मिळतं. अक्रोड आणि पिस्त्यात असं फारसं होत नाही, तिथे बोरॉन जिथे पडतं बहुधा तिथेच राहतं. म्हणजे तिथल्या तिथे, एकाच राज्यातल्या दोन झाडांनाही एक युक्ती लागू पडत नाही. काजू तर आंबा-बिब्ब्याच्या कुळातला. मे महिन्यात बोरॉन मारून डिसेंबरच्या मोहोराची आशा धरू नये. मोहोराला हवं तर मोहोरावरच द्यावं.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पेकान या अक्रोडासारख्या झाडाची गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ येण्याचा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो हे कळलं, आणि तिथल्या बागायतदारांनी जस्ताची फवारणी नेहमीचीच करून टाकली. आधी कमतरता ओळखली, मग फवारलं. आपल्याकडे बऱ्याचदा आधी पुडी येते, मग रोग शोधतात.

मधमाश्यांचं काय?

काजूची फुलं सकाळी उमलतात आणि त्याच वेळी माश्या, मुंग्या, इतर कीटक त्यांवर येतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक टाळा. या काळात नुसतं खतही संध्याकाळीच फवारा.

ओले काजूगर, बोंडू आणि फेणीला फवारणीचा त्रास होतो का?

खताचा नाही, कीटकनाशकाचा होऊ शकतो. ओले काजूगर काढायची बी कोवळी असते आणि ती फवारणीनंतर लगेच तोडली जाते, म्हणून ज्या झाडांचे गर उसळीसाठी विकायचे आहेत ती वेगळी ठेवा. त्यांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारा, म्हणजे फवारणाऱ्याला सांगावं लागत नाही. बोंडू तर सालीसकट खाल्ला जातो. गोव्यात आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे तो भट्टीला जातो, त्याचा रस निघतो. बोंडू रंगात आल्यावर फवारणी थांबलेलीच असावी, आणि औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस मोजून पाळावेत.

गावठी, उंच झाडांना फवारणी परवडते का?

नाही परवडत. ३०-४० फुटांच्या झाडाच्या शेंड्याला पोचेपर्यंत अर्धं औषध वाऱ्यावर जातं आणि अर्धं फवारणाऱ्याच्या डोक्यावर. त्या झाडांना आळ्यात खत द्या, आतल्या दाटीच्या फांद्या काढा, तेवढं पुरे.

फरक पडला की नाही, हे कळणार कसं?

दहा झाडं फवारा, शेजारची त्याच जातीची, त्याच वयाची दहा सोडा. दोन्हींची बी वेगळी गोळा करा. गळून पडलेलीच बी घ्या. वानरांच्या आणि चोरांच्या भीतीने हिरवट तोडलेली बी या हिशोबात धरू नका. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, बी हलवल्यावर आत खुळखुळली पाहिजे. मग दोन्हींतून १०० बिया न निवडता उचला, त्यांचं वजन करा आणि पाण्याच्या बादलीत टाका. तरंगणाऱ्या मोजा, त्या बहुतेक पोचट असतात. शेवटी २०-२० फोडून गराचं वजन घ्या. कवचातलं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, तेव्हा आधी हाताला खोबरेल चोळा.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. तरंगणाऱ्या बिया कमी आणि शंभर बियांचं वजन जास्त असेल तर पुढच्या वर्षी सगळ्या बागेत फवारा. दोन्ही ढीग सारखेच निघाले तर ते पैसे शेणखताला लावा. पहिल्या वर्षी आमच्या मोहोराच्या फवारणीने काही दाखवलं नाही. वाटाण्याच्या वेळेच्या फवारणीने तरंगणाऱ्या बिया कमी झाल्या, म्हणून तीच ठेवली.

फवारणी केली आणि दोन तासांत पाऊस आला. पुन्हा मारू?

युरिया आणि पालाश काही प्रमाणात आत गेलेले असतात, बोरॉन आणि जस्त बरंचसं धुऊन जातं. लगेच दुसऱ्या दिवशी पंप काढू नका. आठवडाभर नवतीचा रंग बघा, आणि मारलंच तर अर्ध्या प्रमाणात. पुढच्या वेळी लिटरला अर्धा मिली चिकटद्रव्य घाला. ते नसेल तर साबण घोळवू नका, काहींनी तसं करून पानं पांढरी करून घेतली आहेत.